अचलपूर–परतवाडा : चिखलदऱ्याला जाण्याआधी दोन दिवस इथे काढा (माहितीचा धागा)

पायथा_परतवाडा (धागाकर्ता)

अमरावतीहून चिखलदऱ्याला निघालेली गाडी पन्नासेक किलोमीटरवर परतवाड्याच्या चौकात थांबते. चहा होतो, पेट्रोल भरलं जातं आणि गाडी घाटाला लागते. त्या चौकापासून चारेक किलोमीटरवर वऱ्हाडाची जुनी राजधानी आहे, हे गाडीतल्या बहुतेकांना ठाऊक नसतं. ती बाहेरच्यांनी नीट बघावी म्हणून हा धागा.

आधी गावाची रचना सांगतो, म्हणजे पत्ता विचारताना घोळ होणार नाही. नगरपरिषद एकच, पण गावं दोन. अचलपूर म्हणजे परकोट, वेशी आणि पुऱ्यांचं (जुन्या पेठा-वस्त्यांचं) शहर. परतवाडा म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या छावणीभोवती वाढलेली बाजारपेठ. एसटीचं मोठं स्थानक, लॉज, संत्र्याची आणि लाकडाची उलाढाल परतवाड्यात. वेशी, दर्गा, जुने वाडे आणि नॅरोगेजचं स्टेशन अचलपुरात. दोन्ही मिळून २०११ च्या जनगणनेत सुमारे १ लाख १२ हजार वस्ती होती.

सातपुडा इथे एकदम उठतो. सापन आणि बिच्छन या नद्या डोंगरातून उतरतात, साग डोंगरातून येतो, आणि पायथ्याला काळी जमीन सुरू होते. राजधानी, छावणी, कापूस, संत्रा, लाकूड यातलं काहीही घ्या, ते इथेच का आलं याचं उत्तर डोंगराच्या पायथ्याशी सापडतं.

ज्याला जे पक्कं ठाऊक आहे ते लिहा. अंतर, वेळ, माप, काय चुकतं, सगळं.

बखर_वाचक

इतिहास थोडा सविस्तर लिहितो, कारण "इमादशाहीची राजधानी" एवढं एक वाक्य सगळीकडे असतं आणि पुढे काही नसतं.

अचलपूर इमादशाहीच्या बरंच आधीचं. राष्ट्रकूट नन्नराजाचा तिवरखेड ताम्रपट अचलपुराहून दिलेला आहे आणि त्यावरचा काळ इ.स. ६३१ येतो. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून गेला तेव्हा वाटेत इथे थांबला होता, आणि नंतरच्या तहात रामदेवरायाकडून अचलपूर प्रांताचं उत्पन्न मागून घेतलं. म्हणजे त्या वेळीही या गावाच्या महसुलाला किंमत होती.

बहामनी राज्य फुटलं तेव्हा वऱ्हाडचा सुभेदार फतहुल्ला इमाद-उल-मुल्क १४९० मध्ये स्वतंत्र झाला. हा मूळचा विजयनगरकडचा, लढाईत पकडून आणलेला मुलगा. त्याच्या घराण्याकडे वऱ्हाड १५७४ पर्यंत राहिलं, मग अहमदनगरच्या निजामशाहीने गिळलं. १५९६ मध्ये चांदबिबीने वऱ्हाड मोगलांना सोडलं. १७२४ ला साखरखेर्ड्याच्या लढाईनंतर हैदराबादच्या निजामाचा अंमल आला. पण नागपूरकर भोसलेही महसुलाचा वाटा घेत. याला दुअंमली म्हणत. एकाच गावाला दोन मालक, आणि भोगणारा शेतकरी.

१८०३ नंतर भोसल्यांचा वाटा गेला, १८५३ पासून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आलं. एलिचपूर (अचलपूरचंच जुनं नाव) हा स्वतंत्र जिल्हा होता, तो १९०५ मध्ये अमरावतीत विलीन केला. अचलपूर जिल्हा करा ही मागणी आजही चालते, तिच्या मागे ही गोष्ट आहे.

नवखा_अकोट

एलिचपूर हे नाव ईल नावाच्या जैन राजावरून पडलं असं ऐकलं आहे. बरोबर ना?

बखर_वाचक

@नवखा_अकोट, ती दंतकथा लोकप्रिय आहे, पण तिची गरज पडत नाही. बाराव्या शतकात हेमचंद्राने प्राकृत व्याकरणात या गावासाठी वेगळं सूत्रच दिलं आहे : "अचलपुरे चलोः". अर्थ असा की अचलपूर या शब्दात 'च' आणि 'ल' जागा बदलतात आणि 'अलचपुर' होतं. अलचपूरचं एलिचपूर व्हायला मग फार चालावं लागत नाही. आपण मराठीत 'चाकू'ला 'काचू' म्हणणाऱ्या लहान मुलाला हसतो ना, तोच प्रकार, फक्त अख्ख्या प्रांताने केला. आठशे वर्षांपूर्वीच्या वैयाकरणाने नोंदवावं इतकं हे गाव लोकांच्या तोंडी होतं. हे मला ईल राजापेक्षा जास्त मोलाचं वाटतं.

वेस_ते_वेस

अचलपूर पायी बघायचं असेल तर हा क्रम धरा. सकाळी सातला सुरू केलं तर अकरापर्यंत आटोपतं. एप्रिल-मे मध्ये दहानंतर दगड तापतात, तेव्हा सहालाच निघा.

दुल्हा गेटपासून सुरुवात करा. हे नाव दुल्हा रहमान शाह यांच्या दर्ग्यावरून. दर्गा आधी बघून घ्या, डोकं झाकायला रुमाल जवळ असू द्या. तिथून परकोटाचे तुकडे धरून खिडकी गेटकडे चला. परकोट सलग राहिलेला नाही. मध्ये घरं आलीत, कुठे भिंत घराचीच मागची बाजू झाली आहे. लोकांच्या अंगणातून जाताना विचारून जा, कोणी अडवत नाही. वेशींच्या कमानीतून आजही वाहतूक चालते, त्यामुळे फोटोसाठी रस्त्याच्या मधोमध उभं राहू नका. ऑटोवाल्याला कमानीत वळायला जागा नसते.

हौज कटोऱ्यासाठी गाडी लागेल, तो गावाच्या पश्चिमेला शेतांकडे आहे. तलावाच्या मधोमध उभा अष्टकोनी मनोरा. आज तीन मजले दिसतात. पाण्याच्या मध्ये मनोरा बांधण्याचा हेतू गारवा. चारी बाजूंनी पाण्यावरून येणारा वारा कमानीतून आत यावा. पाऊस संपल्यावर दिवाळीपर्यंत भोवती गवत कमरेएवढं असतं, तेव्हा पूर्ण बूट घाला आणि हातात काठी ठेवा. गवत वाळल्यावर, म्हणजे डिसेंबरपासून, अगदी पायथ्यापर्यंत जाता येतं. वर चढायचा मोह टाळा. दगड सुटे झालेत.

पऱ्हाटीवाला

कापसाशिवाय या गावाचं अर्थकारण कळणार नाही.

१८६१ ते ६५ या अमेरिकेच्या यादवीत मँचेस्टरला तिकडचा कापूस मिळेना, तेव्हा वऱ्हाडी कापसाला सोन्याचा भाव आला. पण त्याच दशकात मुंबई–नागपूर रेल्वे बडनेऱ्यावरून गेली आणि अचलपूर बाजूला पडलं. अमरावती व्यापारात पुढे गेली ती तेव्हापासून. राजधानी असणं आणि रुळावर असणं यात रूळ जिंकला.

कापसाचा हिशोब नवख्यांसाठी : १०० किलो कापसातून जिनिंगला साधारण ३३ ते ३६ किलो रुई निघते, बाकी सरकी आणि दोन-अडीच किलो घट. एक गठाण १७० किलो रुईची. म्हणजे एका गठाणीला मोटामोटी पाच क्विंटल कापूस. रुईचा उतारा एक टक्का वाढला तरी व्यापाऱ्याला क्विंटलमागे एक किलो रुई जास्त, म्हणून तो बोंड हातात दाबून, धागा ओढून बघतो.

भाव कुठे तुटतो? ओलाव्यात. ८ टक्के ओलावा आदर्श धरतात, १२ च्या वर सरकारी खरेदी केंद्र माल घेत नाही. सकाळी दव असताना वेचलेला कापूस तसाच गंजी लावला की आत तापतो, पिवळा पडतो आणि सरकीही खराब होते. वेचणी दव उडाल्यावर सुरू करा, पहिल्या वेच्याचा माल कवडीत (किडक्या, डागी कापसात) मिसळू नका, आणि प्लास्टिकच्या पोत्यात भरू नका. पोत्याचा एक धागा रुईत गेला तरी तो सूतगिरणीत दिसत नाही, कापड रंगवल्यावरच दिसतो. प्लास्टिकला रंग चढत नाही, तेव्हा पूर्ण थान बाद.

अचलपुरात कापड गिरणीची परंपरा जुनी. आधी विदर्भ मिल, मग एनटीसीने (केंद्र सरकारच्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने) मुंबईची फिनले मिल इथे हलवून नव्या यंत्रांनी उभी केली. २०२० च्या टाळेबंदीत एनटीसीच्या गिरण्या थांबल्या त्यात हीही थांबली. कापूस दारात, गिरणी गावात, आणि सूत बाहेरून. ही जखम गावाला रोज जाणवते.

रूळ_७६२

पऱ्हाटीवाले भाऊंनी रुळाचं काढलंच आहे तर शकुंतलेबद्दल, म्हणजे अचलपूरच्या नॅरोगेज गाडीबद्दल लिहितो.

मुख्य मार्गावरून सुटलेल्या कापसाला बंदरापर्यंत नेण्यासाठी मूर्तिजापूरहून दोन फाटे काढले : एक यवतमाळला, दुसरा दर्यापूर, अंजनगाव, पथ्रोटवरून अचलपूरला. अचलपूरचा फाटा ७६ किलोमीटर, १९१३ चा. रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. मालकी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची, तिचा कारभार किलिक निक्सन ही इंग्रज कंपनी बघे, आणि गाड्या चालवी जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे. पुढे जीआयपी सरकारजमा झाली, पण हा फाटा खासगी कंपनीचाच राहिला. देशभरची रेल्वे सरकारी झाल्यावरही सरकार या रुळांचं भाडं मोजत होतं ते यामुळे.

१९२१ साली मँचेस्टरला बनलेलं झेडडी जातीचं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत ओढत होतं, मग डिझेल आलं. ७६ किलोमीटरला चार तास. गाडी इतकी हळू का, याचं कारण रुळाखाली आहे. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. वर खडीचा थर पातळ, स्लीपर जुने. रूळ वर-खाली झाले की वेगमर्यादा ताशी वीसच्या आसपास आणावी लागते. खडी जाड घालायची, पाण्याचा निचरा करायचा, तर खर्च कोणी करायचा, मालकाने की भाडेकरूने? याच प्रश्नात दुरुस्ती अडकत गेली.

आता गाडी बंद आहे. ब्रॉडगेजची मागणी जोरात आहे. स्टेशनाची जुनी इमारत आणि रूळ बघायला अचलपूर स्टेशनवर जाता येतं, अर्धा तास पुरे.

नवखा_अकोट

संत्र्याचं कोणी लिहील का? दोन एकर बाग घेतली आहे, आंबिया धरावा की मृग, यात अडकलो आहे.

संत्राबाग_वऱ्हाडी

भाऊ, बहाराचं गणित आधी समजून घ्या. संत्र्याच्या झाडाले पाणी सारखं देत रायलं तर फुलोरा बाराही मयने थोडाथोडा येते, पण तसा माल विकता येत नाई. म्हून पाणी तोडून झाडाले ताण द्या लागते. ताणानं झाड वाढ थांबवते, साखर साठवते, आन् पाणी मिळाल्याबरोबर एका झटक्यात फुलते.

आंबिया : डिसेंबर-जानेवारीत ताण, जानेवारी-फेब्रुवारीत फूल, माल ऑक्टोबर ते डिसेंबर. मृग : मे मयन्यात ताण, पावसाच्या पयल्या पाण्यावर फूल, माल फेब्रुवारी-मार्च. मृगाचा माल गोड, टिकाऊ, भावही चांगला. पण पाऊस लांबला आन् ऊन तापतच रायलं तर मृग फुटतच नाई, वर्ष वाया जाते. आंबिया बहुधा फुटते, पण त्याले एप्रिल-मे मध्ये पाणी पायजेच. विहिरीले मे मध्ये दोन तास मोटर चालत नसन तर आंबियाच्या नादी लागू नोका.

ताण किती? हलक्या जमिनीत महिना-सव्वा महिना, भारी काळीत दीड ते दोन मयने. पान मलूल होऊन थोडी पानगळ झाली की समजा बसला. अर्ध्याहून जास्त पानं गळली तर जास्त झाला. ताण तोडताना पयलं पाणी हलकं द्या. एकदम आळं भरून दिलं का फुलाऐवजी पालवी फुटते, हे सगळ्यात जास्त चुकते. त्याच वेळी झाडाले ४०-५० किलो कुजलेलं शेणखत.

पाणी दुहेरी बांगडीनं द्या. खोडाभोवती एक आळं कोरडं, त्याच्या बाहेर दुसरं आळं, पाणी फक्त बाहेरच्यात. खोडाले पाणी लागलं का डिंक्या येते, साल फाटून डिंक गळते. झाड दोन-तीन वर्षांत पिवळं पडून वाळते. पावसाच्या आधी आन् नंतर खोडाले तीन फुटापर्यंत बोर्डो पेस्ट लावा : १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी. दोन्ही येगयेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यात भिजवा, मंग तिसऱ्यात एकत्र ओता. लोखंडी बादली वापरू नोका. लोखंडावर तांबं उतरते आन् पेस्ट निकामी होते. तपासाले घासलेला खिळा त्यात बुडवा. तांबूस झाला तर चुना कमी, अजून टाका.

कलम घेताना जंबेरीच्या खुंटावरचं घ्या, डोळा जमिनीपासून वीतभर वर असलेलं. लावताना सांधा मातीत गेला तर डिंक्या आपणच बोलावला. ६ बाय ६ मीटरवर हेक्टरी २७७ झाडं.

पायथा_परतवाडा

उत्तम. तोडणी आणि विक्रीचंही लिहा.

संत्राबाग_वऱ्हाडी

बाग दोन तऱ्हेनं जाते. एक, फळ झाडावर असतानाच व्यापाऱ्याले उभी बाग उक्ती द्यायची. दोन, तोडून कॅरेटमध्ये मंडीत न्यायची. उक्ती देताना गळीचा धोका कोणाचा, तोडणी कोणत्या तारखेपर्यंत, बयाणा किती, हे कागदावर लिहून घ्या. तोंडी सौद्यात भाव पडला का व्यापारी तोडाले येतच नाई. माल झाडावर पिकून फोपसा होते आन् झाड पुढच्या बहाराले थकते.

तोडताना फळ ओढू नोका, कात्रीनं देठ बारीक ठेवून कापा. ओढलं का देठाजवळची साल निघते, तिथून बुरशी. दव असताना तोडू नोका. ओल्या सालीतल्या तेलाच्या गाठी फुटतात, दोन दिवसात डाग काळे पडतात. कॅरेटच्या तळाले कागद नाईतर तणीस.

बांगलादेश हा आपल्या संत्र्याचा मोठा गिऱ्हाईक. त्यानं २०१९ नंतर आयात शुल्क वाढवत नेलं, म्हून आंबियाचा बारीक माल आता इथंच साचते. मोठ्या फळाले दिल्ली-कलकत्ता हाये. पण बारीक माल रसासाठी घेणारे कारखाने जवळ पुरेसे नाईत, तिथं शेतकरी मार खाते.

आरा_मशीन

परतवाड्याच्या सागाबद्दल दोन चुकीच्या समजुती आहेत, त्या आधी काढतो. इथे लाकूड "स्वस्त" मिळत नाही, "खरं" मिळतं. आणि वनखात्याच्या डेपोत सामान्य माणूस जाऊन फळी विकत घेऊ शकत नाही. तिथे गोल लाकडाचा लिलाव होतो. लॉट लावलेले असतात, बघायला आधी दिवस दिलेला असतो, अनामत भरून बोली लावायची, मुदतीत पैसे भरून वाहतूक पास घ्यायचा. किरकोळ गिऱ्हाईक आरा मशीनवर किंवा फर्निचरवाल्याकडे येतं.

माप असं काढतात : गोलाईचा चौथा भाग, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. गोलाई १२० सेंटीमीटर, लांबी ३ मीटर असेल तर ०.३० × ०.३० × ३ = ०.२७ घनमीटर. भूमितीने खरं घनफळ ०.३४ भरतं. हा पाचव्या हिश्श्याचा फरक साल आणि कापताना जाणाऱ्या कडांसाठी सोडलेला असतो. म्हणून कोणी "प्रत्यक्ष घनफळ" लावून बिल केलं तर विचारा.

नग बघताना दोन्ही टोकं बघा. मध्ये काळा ठिपका किंवा पोकळी दिसली तर ती किती आत गेली हे सळई घालून पाहा. कडेचा पांढुरका भाग म्हणजे रसकाठ. त्याला भुंगा लागतो. दाराच्या चौकटीत अर्ध्या इंचापेक्षा जास्त रसकाठ घेऊ नका, पॉलिश मारून तो लपवतात, म्हणून पॉलिशआधी माल बघा.

सगळ्यात मोठी चूक ओल्या लाकडाची. आज चिरलं, उद्या दार केलं, आणि मे महिन्यात दिलहे (दाराच्या आतल्या फळ्या) चौकटीतून सुटले. इंचभर जाडीची फळी सावलीत, मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या देऊन, तीन-चार महिने रचून ठेवा. पट्ट्या एकाखाली एक सरळ रेषेत हव्यात, नाहीतर फळी वाकते. विदर्भाच्या उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी होते की मुंबईत नीट बसलेलं दार इथे भेग दाखवतं. दार इथे लागणार असेल तर लाकूड इथेच मुरलेलं घ्या.

आणि स्वतःच्या वावरातला साग असला तरी तोडायला परवानगी आणि न्यायला पास लागतो. पासाशिवाय गाडी नाक्यावर अडकते आणि माल जप्त होतो.

बखर_वाचक

गाविलगडावर कोणी लिहिलं नाही म्हणून मीच लिहितो. हा किल्ला समजून घेतल्याशिवाय अचलपूर राजधानी का झालं ते कळत नाही. मैदानावर शहर आणि डोक्यावर किल्ला. संकट आलं की खजिना वर.

बहामनी अहमदशाह वलीने १४२५ मध्ये बांधला, फतहुल्ला इमाद-उल-मुल्काने १४८८ मध्ये डागडुजी करून वाढवला. मोठ्या दरवाजावर शार्दूल आणि गंडभेरुंड कोरले आहेत. दोन डोक्यांचा तो पक्षी विजयनगरचं चिन्ह. वर फतहुल्लाच्या मूळ गावाचं लिहिलं होतं, ते आठवा.

२९ नोव्हेंबर १८०३ ला आडगावच्या मैदानात भोसल्यांची फौज हरली. आर्थर वेलस्लीने मग गाविलगडाला वेढा घातला. दक्षिणेकडचा कडा उभा, तिथून काही होईना. तेव्हा स्टीव्हन्सनच्या फौजेने धामणगावहून डोंगरातून रस्ता तोडत तोफा उत्तरेला लबाडा गावाकडे ओढून नेल्या. उत्तरेची बाजूच तेवढी पठाराला जोडलेली आहे. १५ डिसेंबरला बाहेरच्या किल्ल्याला खिंडार पडून इंग्रज आत शिरले. आतला किल्ला मात्र शाबूत होता. कॅप्टन कॅम्पबेलच्या तुकडीने शिड्या लावून भिंत ओलांडली आणि आतून दार उघडलं. किल्लेदार बेनीसिंह लढता लढता पडला. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला. शिंद्यांचा तह ३० डिसेंबरला अंजनगाव सुर्जीला, तेही इथून जवळच. १८५८ मध्ये तात्या टोपे किल्ल्याचा आसरा घेतील या भीतीने इंग्रजांनी तटबंदी पाडली.

जाताना : चिखलदऱ्यापासून किल्ला दोनेक किलोमीटर. मछली तलावाकडून आत शिरा. पहिल्यांदा बाहेरचा किल्ला, मग आतला. दरवाजे, मोठी मशीद, राणीमहाल, तोफा, देवतलाव एवढं बघायला चार ते पाच तास. आत पाणी विकत मिळत नाही, माणशी दोन लिटर न्या. सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत गवत खांद्याला लागतं आणि पायवाटा दिसत नाहीत. डिसेंबर-जानेवारी सर्वात चांगला. इथे अस्वलं आहेत, म्हणून एकट्याने जाऊ नका, बोलत चला, आणि चार वाजता परतीला लागा. उत्तरेच्या बाजूला उभं राहून पठाराकडे बघा, तोफा कुठून आल्या ते डोळ्यांनी कळतं.

घाट_ड्रायव्हर

चिखलदऱ्याला दोन रस्ते. धामणगाव गढीवरून जवळचा, तीसेक किलोमीटर. घटांगवरून लांबचा, पण जंगल दाट. जुलै-ऑगस्टमध्ये शनिवार-रविवारी गर्दी फुटते, तेव्हा पोलिस एकेरी वाहतूक लावतात, वर जायला एक आणि उतरायला दुसरा. सकाळी आठच्या आत परतवाडा सोडा. धुक्यात लांब दिवा लावू नका, उजेड परत डोळ्यावर येतो, खालचा दिवा आणि इंडिकेटर पुरे. उतरताना दुसऱ्या गियरमध्ये इंजिनावर गाडी ठेवा. सतत ब्रेक दाबला की घाटाच्या तळाशी ब्रेक धरत नाही. मेळघाटच्या गाभ्यातली सफारी पावसाळ्यात बंद असते, त्यासाठी हिवाळ्यात या.

वर मोथा गावात गवळ्यांकडची रबडी खा.

खरपीची_ताई

मुक्तागिरी आणि बहिरम एकाच दिशेला आहेत, एका दिवसात होतात. परतवाड्याहून बैतूल रस्त्याने खरपीकडे या. तिथून मुक्तागिरीला फाटा. ५२ जैन मंदिरं आणि मध्ये धबधबा. जागा मध्य प्रदेशच्या बैतूल जिल्ह्यात येते, पण राबता सगळा आपल्याकडूनच. चढ-उतार मिळून सहाशेच्या आसपास पायऱ्या, वयस्कर माणसांना सकाळीच न्या. धबधबा जुलै ते ऑक्टोबर.

बहिरमची यात्रा डिसेंबरच्या विशीत भरते आणि जानेवारीअखेरपर्यंत चालते. बहिरमबुवाच्या मूर्तीला लोणी आणि शेंदूर लावतात. लोक राहुट्या टाकून मुक्काम करतात आणि रोडगे करतात. कृती अनेकजण अर्धवट सांगतात, म्हणून पूर्ण लिहिते.

दहा माणसांना : गव्हाचं जाडं दळलेलं पीठ २ किलो, मोहनाला तेल पाव किलो, मीठ, ओवा. पीठ घट्ट मळा, पुरीच्या पिठाहूनही घट्ट, आणि अर्धा तास झाकून ठेवा. तीन लहान पोळ्या लाटा. सगळ्यात छोटीला तेल लावून गोळा करा, तो दुसरीत गुंडाळा, तो तिसरीत. प्रत्येक थराला तेल, आणि तोंड नीट दाबून बंद. थरांमुळे आतपर्यंत शिजतो आणि फोडल्यावर पापुद्रे सुटतात.

गोवऱ्या पूर्ण पेटू द्या. धूर बंद होऊन लाल निखारा आणि वर पांढरी राख आली की निखारे पसरवा, रोडगे ठेवा, वरून राख-निखारा ओढा. धूर असताना टाकले तर कडवट होतात, याला उपाय नाही. दहा मिनिटांनी फिरवा. एकूण पाऊण तास. सुती फडक्यात घेऊन राख झटका, मुठीने फोडा, तूप ओता. तडा जाऊन आत राख शिरली तर पीठ कोरडं होतं किंवा तोंड नीट बंद नव्हतं. आत कच्चं राहिलं तर रोडगा मोठा झाला, लिंबापेक्षा थोडा मोठा पुरे. सोबत वांग्याची भाजी आणि वरण, नाहीतर मातीच्या हंडीतलं मटण. नवी हंडी असेल तर आदल्या रात्री पाण्यात बुडवून ठेवा, नाहीतर चुलीवर तडकते.

पानमळा_अंजनगाव

अंजनगावकडे वळलात तर पानपिंपळीचे मळे बघा. हे पीक महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी होतं, त्यात अंजनगाव सुर्जी, अचलपूर, अकोट हा पट्टा. वेल सावलीत वाढते म्हणून आधी पांगारा, शेवरी लावून मांडव धरतात. फळं हिरवीगर्द, कडक असताना तोडायची. पिकून लाल झाली तर तिखटपणा कमी आणि औषधी व्यापारी भाव पाडतो. उन्हात चार-पाच दिवस वाळवून विकतात, जुन्या वेलीची मुळंही विकली जातात. मळ्यात जाताना चपला बाहेर काढा, बारी मंडळी (पानमळे करणारा समाज) मळा देवघरासारखा जपतात.

नवखा_अकोट

@संत्राबाग_वऱ्हाडी, विहीर मे मध्ये तासभरच चालते, म्हणून मृगच धरतो. जमीन भारी काळी आहे, ताण मेच्या सुरुवातीला सुरू केला तर जमेल?

संत्राबाग_वऱ्हाडी

भारी काळीत मेच्या सुरुवातीचा ताण उशिरा होईन. एप्रिलच्या तिसऱ्या हप्त्यात पाणी तोडा. तोडायच्या आधी शेवटचं पाणी दिलं का वखरणी करू नोका, मुळं तुटतात. वळवाचा एखादा पाऊस आला आन् ताण तुटला तर घाबरू नोका. दुसऱ्या दिवशी आळे उघडून पाणी बाहेर काढा, आन् चार दिवस पान बघत राहा. पुन्हा मलूल झालं तर बहार हातात हाये.